जैवतंत्रज्ञांच्या विभागीय चर्चामंडळांविषयी : राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगास खुले पत्र

माननीय अध्यक्ष व सदस्य,
राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग, महाराष्ट्र राज्य, मुंबई, यांस,



जैवतंत्रज्ञान, म्हणजे सजीवांच्या पेशी, जनुके आणि विकरे यांचा औषधनिर्मिती, शेती व उद्योग यांसाठी उपयोग करून घेणारे शास्त्र, हे महाराष्ट्राला नवे नाही आणि त्यावर काम करणारी माणसेही राज्यात थोडी नाहीत. परंतु ही माणसे ज्या संस्थांत, विद्यापीठांत, महाविद्यालयांत आणि कंपन्यांत विखुरलेली आहेत, त्यांना एकमेकांचे चालू काम, त्यातल्या अडचणींसह आणि अपयशांसह, नियमितपणे कळावे अशी व्यवस्था पुणे-मुंबईच्या पट्ट्याबाहेर रुजलेली दिसत नाही. विदर्भ, मराठवाडा, खानदेश-नाशिक, दक्षिण महाराष्ट्र आणि कोकण या पाच विभागांत जैवतंत्रज्ञांची लहान आणि कायम चालणारी चर्चामंडळे आयोगाने उभी करावीत, अशी या पत्राची विनंती आहे. चर्चामंडळ या शब्दाने येथे परिषद, कार्यशाळा किंवा व्याख्यानमाला अभिप्रेत नाही. एकाच विभागातील वेगवेगळ्या संस्थांमधल्या वीस-पंचवीस जणांनी महिन्यातून एकदा, ठरलेल्या दुपारी, आळीपाळीने एकेका ठिकाणी जमावे, त्यांपैकी एकाने आपले पूर्ण न झालेले काम फळ्यावर मांडावे आणि इतरांनी ते तपासून पाहावे, एवढाच त्या शब्दाचा अर्थ आहे.

पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, आघारकर संशोधन संस्था आणि आयसर या संस्था काही किलोमीटरांच्या परिसरात आहेत. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था, भाभा अणुसंशोधन केंद्र, आयआयटी, हाफकिन आणि रसायन तंत्रज्ञान संस्था आहेत. या शहरांत संध्याकाळच्या एखाद्या व्याख्यानाला गेलेल्या विद्यार्थ्याला दुसऱ्या संस्थेतला जाणकार सहज भेटतो, आणि २०२० नंतर पुण्यात ‘पुणे नॉलेज क्लस्टर’सारखी, संस्थांना एकत्र आणणारी यंत्रणाही उभी राहिली आहे. याउलट नागपुरात केंद्रीय कापूस संशोधन संस्था, केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आणि नीरी, अकोला, परभणी, राहुरी व दापोली येथे कृषी विद्यापीठे, जालन्यात बियाणे कंपन्या, जळगावात केळीच्या ऊतिसंवर्धनाचा मोठा उद्योग, सोलापुरात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र, छत्रपती संभाजीनगरात औषधनिर्मितीचे कारखाने अशी ही शक्ती पसरलेली आहे. त्या प्रत्येक ठिकाणी एखाददुसरा माणूस एखाद्या तंत्रात निष्णात असतो आणि त्याच्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरांवर दुसरा कोणी नेमक्या त्याच तंत्रापाशी वर्षभर अडलेला असतो, हे त्या दोघांनाही ठाऊक नसते.

जवळची माणसे एकमेकांना न भेटल्याने काय होते आणि भेटल्याने काय होते, या दोहोंचे सर्वांत बोलके उदाहरण खुद्द आधुनिक जैवतंत्रज्ञानाच्या जन्मकथेतच आहे. स्टॅन्ली कोहेन हे स्टॅनफर्ड विद्यापीठात प्लास्मिडांवर काम करत होते. प्लास्मिड म्हणजे जिवाणूच्या पेशीत मुख्य गुणसूत्राव्यतिरिक्त असणारे, स्वतःच्या प्रती स्वतः काढू शकणारे डीएनएचे लहान कडे. हर्बर्ट बॉयर हे सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डीएनए विशिष्ट जागी कापणाऱ्या विकरांवर काम करत होते, आणि त्यांच्या प्रयोगशाळेतले एक विकर डीएनए असे कापत असे की कापलेली टोके पुन्हा दुसऱ्या तशाच टोकांना चिकटू शकत. दोन्ही प्रयोगशाळांमध्ये रस्त्याने सुमारे ५०-५५ किलोमीटरांचे अंतर होते. तरीही दोघांच्या कामांचा सांधा जुळला तो नोव्हेंबर १९७२ मध्ये, सुमारे ३,८०० किलोमीटर समुद्र ओलांडून होनोलुलू येथे भरलेल्या प्लास्मिडांवरील परिषदेच्या वेळी, आणि तोही सभागृहात नव्हे तर रात्री उशिराच्या खाण्याच्या गप्पांत. एकाकडे जनुक वाहून नेणारे साधन होते, दुसऱ्याकडे ते कापून जोडण्याचे. दोन्ही एकत्र आणली तर कोणत्याही सजीवाचे जनुक जिवाणूत घालून त्याच्या हव्या तितक्या प्रती काढता येतील, हे त्या बोलण्यात स्पष्ट झाले.

पुढच्या काही महिन्यांतच प्रयोग यशस्वी झाले आणि नोव्हेंबर १९७३ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्या काळात कोहेन यांच्या प्रयोगशाळेतील सहकारी अ‍ॅनी चँग या सॅन फ्रान्सिस्कोत राहत असल्याने जाता-येता डीएनएचे नमुने दोन्ही प्रयोगशाळांत पोचवत असत, ही बाब चर्चामंडळांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. कारण भेट दूरदेशी झाली तरी काम पुढे गेले ते अंतर कमी असल्यामुळे, रोजच्या ये-जा करण्याच्या आवाक्यात असल्यामुळे. पुनर्संयोजित डीएनए, म्हणजे दोन वेगळ्या उगमांच्या डीएनएंची जोडणी, जिवाणूत वाढवण्याचे तंत्र येथून सुरू झाले. १९७६ मध्ये जेनेंटेक ही कंपनी स्थापन झाली, १९७८ मध्ये जिवाणूंकडून मानवी इन्सुलिन तयार करून घेण्यात आले आणि १९८२ मध्ये अमेरिकेत ते औषध म्हणून मान्य झाले. महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या औषधाच्या दुकानात आज मिळणारे मानवी इन्सुलिन याच तंत्राचे फळ आहे. होनोलुलूची भेट झाली नसती तर ते तंत्र कोणालाच सापडले नसते असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही, कारण पॉल बर्ग यांच्यासारखे इतर शास्त्रज्ञही त्या दिशेने चालले होते. परंतु एका तासाच्या अंतरावरच्या दोन प्रयोगशाळांना एकमेकींची ओळख पटायला महासागर ओलांडावा लागावा, ही उणीव मात्र तेवढीच खरी आहे.

याच कथेचा दुसरा भाग कमी सांगितला जातो. जून १९७३ मध्ये न्यूक्लिइक आम्लांवरील गॉर्डन परिषदेत बॉयर यांनी हे काम मांडले. गॉर्डन परिषदा १९३१ पासून चालत आल्या असून तेथे सांगितलेले काही बाहेर उद्धृत करायचे नाही असा त्यांचा कडक नियम आहे, आणि त्या नियमामुळेच शास्त्रज्ञ तेथे अर्धवट काम मांडायला धजतात. बॉयर यांचे ऐकल्यावर उपस्थितांनी आनंदाबरोबर काळजीही व्यक्त केली : कर्करोगजनक विषाणूचे जनुक जर अशा रीतीने आतड्यात राहणाऱ्या जिवाणूत घातले तर काय होईल? परिषदेच्या सहअध्यक्ष मॅक्सिन सिंगर आणि डीटर सोल यांनी ती काळजी पत्राने अमेरिकेच्या विज्ञान अकादमीला कळवली. त्यातून १९७४ मध्ये काही प्रयोग स्वेच्छेने थांबवण्याचे आवाहन झाले आणि फेब्रुवारी १९७५ मध्ये असिलोमार येथे जगभरच्या शास्त्रज्ञांनी एकत्र बसून सुरक्षिततेचे निकष ठरवले. शास्त्रज्ञांच्या छोट्या, मोकळ्या बैठकीत नव्या कल्पनांबरोबर नवे धोकेही सर्वांत आधी दिसतात, आणि ज्यांनी काम केले त्यांच्याच तोंडून दिसतात, ही गोष्ट नियमन करणाऱ्या कोणत्याही शासकीय समितीला दुसऱ्या मार्गाने मिळवता येणार नाही.

जैवतंत्रज्ञानाला अशा बैठकींची गरज इतर अनेक शास्त्रांपेक्षा अधिक का आहे, याचे कारण त्या विषयाच्या स्वभावात आहे. या शास्त्राचे बरेचसे ज्ञान शोधनिबंधात उतरत नाही. ते हातोटीच्या रूपात राहते. ऊतिसंवर्धनाचे, म्हणजे झाडाच्या लहान तुकड्यापासून बाटलीतल्या पोषक माध्यमात रोपे वाढवण्याचे, उदाहरण घ्या. निबंधात माध्यमाचे घटक, तापमान आणि संप्रेरकांचे प्रमाण दिलेले असते, तरीही तीच कृती दुसऱ्या प्रयोगशाळेत केली असता झाडाच्या तुकड्याभोवतीचे माध्यम काळे पडते आणि तो तुकडा मरतो, कारण त्यातून पाझरणारी फिनॉल वर्गातली द्रव्ये तेथल्या जातीत किंवा त्या ऋतूत अधिक असतात. तुकडा पावसाळ्यापूर्वी घ्यावा की नंतर, निर्जंतुक करण्यापूर्वी तो किती वेळ वाहत्या पाण्यात ठेवावा, कोणत्या वाणाच्या पेशींतून पुन्हा रोप उभे राहते आणि कोणत्या वाणात ते जवळपास अशक्य असते, हे ज्याने शेकडो बाटल्या फेकून दिल्या आहेत त्यालाच माहीत असते. पेशीसंवर्धनात, म्हणजे प्राण्यांच्या किंवा माणसाच्या पेशी शरीराबाहेर वाढवण्यात, मायकोप्लाझ्मा नावाचे सूक्ष्म जिवाणू माध्यम गढूळ न करता शिरतात आणि महिनोन्‌महिने निकाल बिघडवत राहतात. एका पेशीवंशात दुसरा पेशीवंश मिसळून संशोधक भलत्याच पेशींवर काम करत राहिल्याची उदाहरणे तर जगभर नोंदलेली आहेत. उन्हाळ्यात बर्फात पाठवलेले विकर मराठवाड्यातल्या महाविद्यालयात पोचेपर्यंत निकामी झाले की काय, वीज गेल्यावर उणे ऐंशी अंशांच्या शीतपेटीतले नमुने किती तास टिकतात, या प्रश्नांची उत्तरे शेजारच्या जिल्ह्यातला सहव्यवसायी एका वाक्यात देऊ शकतो, आणि ती न मिळाल्यास एखाद्या संशोधक विद्यार्थ्याचे वर्ष वाया जाते. न जमलेल्या प्रयोगांची नियतकालिके फारशी नसतात. त्यांची जागा बैठकीतच असते.

विभागीय चर्चेचा अभाव केवळ प्रयोगशाळेला नडतो असेही नाही. विदर्भ-मराठवाड्यातील कापसाचे उदाहरण या दृष्टीने विस्ताराने पाहण्यासारखे आहे. मार्च २००२ मध्ये भारतात बीटी कापसाला मान्यता मिळाली. मातीत आढळणाऱ्या एका जिवाणूतील, बोंडअळीला मारक ठरणारे प्रथिन बनवणारे जनुक या कापसात घातलेले असते. २००६ मध्ये अशी दोन जनुके असलेले वाण आले. काही वर्षांतच शेंदरी बोंडअळीत, प्रथम एका आणि नंतर दोन्ही प्रथिनांविरुद्ध, प्रतिकारशक्ती आढळू लागली, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्राच्या कापूसपट्ट्यात या अळीने मोठे नुकसान केले. प्रतिकारशक्ती का आली याची कारणे एका विषयात सामावणारी नव्हती. बीटी नसलेल्या कापसाच्या ओळी शेताभोवती लावाव्यात, म्हणजे प्रतिकारक्षम नसलेल्या अळ्यांची वस्ती टिकून राहील आणि त्यांच्याशी संकर होऊन प्रतिकारशक्ती विरळ राहील, असा नियम होता व त्यासाठी बियाण्याबरोबर १२० ग्रॅमची वेगळी पिशवीही दिली जात असे. ती फारशी पेरली गेली नाही. ही झाली कृषिविस्ताराची बाजू. भारतात बीटी जनुके सरळ वाणांऐवजी संकरित वाणांत आली, आणि संकरित झाडाच्या बोंडातल्या बियांमध्ये जनुकांची वाटणी होत असल्याने काही बियांत दोन्ही विषे, काहींत एकच, तर थोड्यांत एकही नसते. शेंदरी अळी नेमकी बी खाणारी असल्याने तिला एकाच बोंडात सौम्य मात्रेचा सराव होतो. ही आनुवंशशास्त्राची बाजू. पाण्याची सोय असलेला शेतकरी डिसेंबरनंतरही फरदड घेतो, म्हणजे वेचणी संपलेली पऱ्हाटी उपटून न टाकता तिच्यावर आणखी बोंडे येऊ देतो, आणि अळीला हिवाळाभर खाद्य मिळते. सरकी काढणाऱ्या जिनिंग गिरण्यांतही तिचे कोष राहतात. ही पीकपद्धतीची आणि अर्थकारणाची बाजू.

या तिन्ही बाजूंचे जाणकार त्याच टापूत होते. नागपूरला कीटकशास्त्रज्ञ अळीतील प्रतिकारशक्ती मोजत होते, अकोला आणि परभणी येथे पीकपद्धतीचे अभ्यासक होते, जालन्यात संकरित वाण तयार करणारे वनस्पतिपैदासकार होते, आणि फरदड का घेतली जाते हे सांगू शकणारे कृषी सहायक तर प्रत्येक तालुक्यात होते. ते एका चर्चामंडळात दरमहा भेटत असते तर २०१७ टळले असते, असा दावा करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. किडीची उत्क्रांती कोणाच्या बैठकींसाठी थांबत नाही, आणि प्रत्येक बाजूने आपापले इशारे प्रसिद्ध केलेलेही होते. परंतु ते इशारे वेगवेगळ्या अहवालांत राहिले. बियांतील जनुकांच्या वाटणीचा मुद्दा आणि फरदडीचा मुद्दा हे एकमेकांना किती बळ देतात, हे दोन माणसे समोरासमोर बसून आकडे मांडतात तेव्हा अधिक लवकर कळते, आणि कंपनीतल्या पैदासकाराला ते आपल्या सहव्यवसायींकडून ऐकणे आणि शासकीय नोटिशीतून वाचणे यांत फार फरक असतो. पुढची कीड, पुढचा वाण आणि पुढचे जनुक येणारच आहे. तेव्हा हे लोक एकमेकांना नावाने ओळखत असावेत, एवढी अपेक्षा रास्त आहे.

जळगाव-रावेर भागातील केळीवर येणारा कुकुंबर मोझॅक विषाणूचा रोग, ज्याला तेथे हरण्या म्हणतात, आणि सोलापूर-सांगलीच्या डाळिंबावरचा तेल्या हा जिवाणूजन्य रोग, यांची चर्चाही याच रीतीने विभागीय आहे. ऊतिसंवर्धनाने एका मातृरोपापासून हजारो रोपे करताना त्या मातृरोपात विषाणू नाही याची रेणवीय चाचणी करणे अत्यावश्यक असते, कारण एक रोगी रोप येथे हजारोंनी गुणले जाते. ही चाचणी करण्याची क्षमता जवळच्या विद्यापीठात असेल आणि गरज लहान रोपवाटिकेला असेल, तर त्यांची गाठ पडायला चर्चामंडळाखेरीज दुसरी स्वस्त जागा नाही.

संस्थांची कुंपणे ओलांडल्याने काय साधते हे दाखवणारे ताजे उदाहरण मुंबईचे आहे. रक्ताच्या काही कर्करोगांवर रुग्णाच्याच टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, शरीराबाहेर काढून, त्यांत कर्करोगी पेशीवरील विशिष्ट प्रथिन ओळखणारा ग्राही बनवणारे जनुक घालून त्या परत शरीरात सोडण्याचा उपचार परदेशात अतिशय महाग होता. आयआयटी मुंबई, टाटा स्मारक केंद्र आणि त्यांच्या सहकार्यातून उभी राहिलेली इम्युनोअ‍ॅक्ट ही कंपनी यांनी मिळून तो भारतात विकसित केला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला औषध नियामकाची मान्यता मिळाली. पवईतल्या अभियांत्रिकी संस्थेकडे रुग्णालय नव्हते, आणि कर्करोग रुग्णालयाला जनुकवाहक विषाणू रचणाऱ्या प्रयोगशाळेची गरज होती. दोन्ही एकाच महानगरात असल्याने डॉक्टर आणि अभियंता वारंवार एकत्र बसू शकले. गडचिरोलीसह विदर्भात आणि नंदुरबारमध्ये सिकलसेलचे, म्हणजे हिमोग्लोबिनमधील एका आनुवंशिक दोषाने होणाऱ्या रक्तविकाराचे, रुग्ण मोठ्या संख्येने आहेत, आणि त्या रोगावरच्या जनुकसंपादनाच्या उपचाराला २०२३ अखेर ब्रिटन व अमेरिकेने मान्यता दिली आहे. तो विदर्भातल्या रुग्णाच्या आवाक्यात कधी आणि कसा यावा, याचा विचार नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील रक्तरोगतज्ज्ञांनी आणि तेथल्याच रेणवीय जीवशास्त्रज्ञांनी एकत्र करायला हवा. तो केवळ दिल्ली-मुंबईत होणे त्या रुग्णांवर अन्याय करणारे आहे.

या कल्पनेवर एक आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे, आणि तो पेटंटचा आहे. अर्ज करण्यापूर्वी शोध जाहीर झाला तर त्याचे नावीन्य संपते, म्हणून संस्थांचे तंत्रज्ञान-हस्तांतर कक्ष आणि कंपन्या आपल्या लोकांना बाहेर बोलू देत नाहीत. कोहेन-बॉयर यांच्याच शोधाने हा धोका खरा असल्याचे दाखवून दिले : निबंध आधी प्रसिद्ध झाल्याने अमेरिकेबाहेरचे पेटंट हक्क हातचे गेले, आणि अमेरिकेतला अर्ज तेथल्या एका वर्षाच्या सवलतीची मुदत संपायला जेमतेम आठवडा उरला असताना, नोव्हेंबर १९७४ मध्ये दाखल झाला. तरीही त्या एका देशातील परवान्यांनी विद्यापीठांना पुढे २५ कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न मिळवून दिले. भारतीय पेटंट कायदा, १९७० याच्या कलम ३१ मध्ये संशोधकाने विद्वत्‌सभेपुढे वाचलेल्या निबंधाबाबत बारा महिन्यांची मर्यादित सवलत आहे, परंतु युरोपात अशी सवलत नाही. म्हणून केवळ तिच्यावर विसंबून राहू नये. चर्चामंडळाच्या प्रत्येक सदस्याने गोपनीयतेच्या साध्या करारावर सही करावी, त्याचा मसुदा आयोगाच्या विधी सल्लागारांनी एकदाच तयार करावा आणि सर्व संस्थांनी तो आहे तसा स्वीकारावा, म्हणजे बैठकीतले बोलणे कायद्याच्या दृष्टीने जाहीर प्रकटन ठरण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. शिवाय ज्याला आपले अंतिम फलित सांगायचे नाही, त्याला आपली अडचण सांगायला कोणतेच पेटंट आड येत नाही. मायकोप्लाझ्मा काही कोणाची बौद्धिक संपदा नाही.

नियमनाच्या अंगानेही काळ बदलला आहे. १९८९ च्या नियमांनुसार जनुकीय फेरफाराचे काम करणाऱ्या प्रत्येक संस्थेत जैवसुरक्षा समिती असावी लागते. मार्च २०२२ मध्ये केंद्र शासनाने, ज्या वनस्पतींत बाहेरचे जनुक शिल्लक न ठेवता त्यांच्याच जनुकांत अचूक बदल केलेला असतो, अशा जनुकसंपादित वनस्पतींना त्या नियमांतील काही कलमांतून सूट दिली. मे २०२५ मध्ये या तंत्राने घडवलेले भाताचे दोन वाण जाहीरही झाले. बाहेरचे जनुक खरोखर शिल्लक नाही हे पाहण्याची मोठी जबाबदारी आता संस्थेच्या समितीवर आली आहे. मोठ्या संस्थेत ही तपासणी करणारे पाच जण एका मजल्यावर सापडतील. लहान विद्यापीठातील समितीला मात्र कोणता पुरावा पुरेसा मानायचा, संपूर्ण जनुकसंच वाचून घ्यायचा की निवडक भाग, हे एकट्याने ठरवावे लागते, आणि एकट्याने घेतलेला निर्णय एक तर नको तितका भित्रा होतो किंवा नको तितका ढिला. अशा समित्यांच्या सदस्यांना आपल्या विभागातच सल्ला घेता येणारे मंडळ असणे ही आता चैन राहिलेली नाही.

चर्चामंडळ कसे असू नये, हे सांगणे त्याच्या रचनेपेक्षाही निकडीचे वाटते. त्याचे उद्घाटन असू नये, स्मरणिका असू नये, सहभागाचे प्रमाणपत्र तर मुळीच असू नये. कारण ज्या क्षणी उपस्थितीला बढतीचे गुण मिळू लागतील, त्या क्षणी खोली भरेल आणि चर्चा संपेल. राष्ट्रीय पातळीवर गुहा संशोधन परिषद किंवा टाटा मूलभूत संशोधन संस्थेने महाबळेश्वर येथे सुरू केलेली आधुनिक जीवशास्त्राची चर्चासत्रे यांनी या देशातील जीवशास्त्राला मोकळ्या, सडेतोड चर्चेची उत्तम परंपरा दिली आहे, आणि ती महाराष्ट्राच्याच एका डोंगरावर वाढली याचा अभिमान बाळगावा. परंतु त्या निमंत्रितांच्या आणि वर्षातून एकदा होणाऱ्या बैठकी होत. परभणीच्या साहाय्यक प्राध्यापकाला दर महिन्याला हवे असते ते वेगळे. निमंत्रक दरवर्षी बदलावा आणि तो लागोपाठ एकाच संस्थेतला नसावा. पहिला प्रश्न विचारण्याचा मान संशोधक विद्यार्थ्यांना असावा आणि विभागप्रमुखांनी तो पाळावा. बैठक संध्याकाळी उशिरा नव्हे तर दुपारी असावी, म्हणजे लहान मुले घरी असलेल्या शास्त्रज्ञ महिलांना आणि शेवटची बस धरणाऱ्यांना ती सोडून जावी लागणार नाही. दर बैठकीत एक न जमलेला प्रयोग मांडला जावा. प्रत्येक प्रयोगशाळेने आपण कोणता प्लास्मिड, कोणता जिवाणूवाण, कोणते यंत्र वापरू देऊ शकतो याची एक पानी यादी आणावी आणि ती दर सहामाहीस सुधारावी. बोलण्याची भाषा मराठी असावी, संज्ञा ज्याला जशा येतील तशा याव्यात. जालन्याच्या कंपनीतला अनुभवी तंत्रज्ञ इंग्रजीच्या धास्तीने गप्प राहिला तर मंडळाची मोठी हानी होईल. दूरदृश्य बैठकींची सोय आता सर्वत्र आहे आणि अडल्यावेळी ती वापरावी. परंतु काळे पडलेले संवर्धन हातात घेऊन उजेडात धरल्याशिवाय त्यावर बोलता येत नाही, आणि ज्याला कधी भेटलो नाही त्याच्यासमोर आपला फसलेला प्रयोग मांडायला मन तयार होत नाही.

खर्चाची बाब थोडक्यात सांगता येते : रेल्वे किंवा एसटीचे भाडे, दुपारचे जेवण आणि निमंत्रकाला पत्रव्यवहारासाठी अर्धवेळ साहाय्यक. जनुक कोशासारख्या, राज्याची जैवविविधता जतन करण्याच्या प्रकल्पांवर आयोग जे काम करतो, त्याच्या तुलनेत ही रक्कम नगण्य ठरेल. शिवाय त्या प्रकल्पात कोकणच्या किनाऱ्यापासून विदर्भाच्या धानापर्यंतचे जे अभ्यासक गुंतलेले आहेत, तेच या मंडळांचे पहिले सदस्य होऊ शकतात. खरी अडचण परवानगीची आहे. कृषी विद्यापीठ एका खात्याकडे, महाविद्यालय दुसऱ्याकडे, वैद्यकीय महाविद्यालय तिसऱ्याकडे आणि राष्ट्रीय संस्था केंद्राकडे, अशा स्थितीत महिन्यातल्या एका दुपारी बाहेर जायला शास्त्रज्ञाला प्रत्येक वेळी अर्ज करावा लागला तर तीन महिन्यांत मंडळ ओस पडेल. म्हणून आयोगाने संबंधित खात्यांकडून एकच परिपत्रक काढून घ्यावे, ज्यान्वये नोंदवलेल्या सदस्याला वर्षातील या बारा दुपारी कर्तव्यरजा आपोआप मिळेल. केंद्रीय संस्थांच्या संचालकांना आयोगाच्या अध्यक्षांनी स्वतः पत्र लिहावे. आणि कोकणच्या मंडळात गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था व तेथील विद्यापीठ यांना सामावून घेण्यासाठी गोवा शासनाशी बोलणी करावीत, कारण सागरी सूक्ष्मजीवांच्या संशोधनात दापोली-रत्नागिरीला मुंबईपेक्षा पणजी अधिक उपयोगी आहे.

पाचही मंडळे एकदम सुरू करण्याची घाई नसावी. प्रारंभ मराठवाडा आणि विदर्भ येथून व्हावा, कारण तेथे अंतरे मोठी आहेत आणि कापूस, तूर, संत्रा व सिकलसेल यांचे प्रश्न तातडीचे आहेत. निमंत्रकांची नावे आयोगाने येत्या हिवाळ्यात ठरवावीत, परिपत्रक मार्चअखेर निघावे आणि जालना व नागपूर येथील पहिल्या दोन बैठकी खरिपाच्या पेरणीआधी, एप्रिल-मेमध्येच व्हाव्यात, म्हणजे बियाणे निवडण्याचा प्रश्न शेतकऱ्यापुढे येण्यापूर्वी ते बियाणे घडवणारे आणि त्यावरची कीड मोजणारे एकदा एका टेबलाशी बसलेले असतील.

कळावे,
महाराष्ट्रातील जैवतंत्रज्ञानाचा एक अभ्यासक